कोल्डकाकांचा लहान हीटर

कोल्डकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावायचे आणि मग माणसांना नमस्कार करायचे. लग्नघर असो की कुणी गेलेलं घर, आत आले की उजव्या हाताचा तळवा भिंतीवर सपाट ठेवायचे, डोळे मिटायचे आणि "पश्चिमेची आहे, तापणारच" किंवा "ओल धरून राहिली" असं काहीतरी पुटपुटायचे. नवख्या माणसाला वाटायचं, यांना चक्कर आली. एकदा शंकर नगरात एका नातेवाइकांच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला त्यांनी असाच हात लावला आणि यजमानीणबाई पाण्याचा ग्लास घेऊन धावत आल्या. काका पाणी प्यायले, ग्लास परत दिला आणि छताला थर्मोकोल लावून घ्यायचा सल्ला दिला.

ते माझ्या बाबांचे शाळेपासूनचे मित्र. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. रायपूरच्या भनपुरी भागातल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये यंत्रं सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आमच्याकडे कोल्ड स्टोरेजला कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही, 'बटाटा कोल्डमध्ये ठेवला' एवढंच म्हणतात. म्हणून ते कोल्डकाका. शेजारपाजारचे हिंदीवाले त्यांना 'कोल्ड भैया' म्हणत आणि ते त्यालाही ओ देत. अंगात बारा महिने बिनबाह्यांचा स्वेटर असायचा. वैशाखात सगळं रायपूर घामानं निथळत असताना हा गृहस्थ स्वेटर घालून भाजी आणायला निघालेला दिसे. इतकी वर्षं थंडीत काढल्यावर अंगाला सवयच लागली, असं ते सांगायचे. माझ्या आईच्या मते ती निव्वळ हौस होती.

उष्णतेबद्दल ते घरातल्या एखाद्या उनाड मुलाबद्दल बोलावं तसं बोलायचे. "गरमी एका जागी बसून नाही राहत," हे त्यांचं आवडतं वाक्य. "जागा दिसली की निघाली." त्यामुळे जगातली प्रत्येक खोली त्यांच्या लेखी एक गळका माठ होती. कुठून गळतो, किती गळतो, एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं. यावर ते तासन्‌तास बोलू शकत, आणि बाबा ऐकता ऐकता पत्ते पिसत बसत.

बाबांचं हृदय दुखणाईत झालं तेव्हा उन्हाळा त्यांना सोसेना. कोल्डमध्ये तेव्हा दुरुस्ती चालली होती आणि जुने पॅनेल निघत होते. दोन पत्र्यांच्या मध्ये जाड फोम भरलेले ते पॅनेल काका परवानगी घेऊन टेम्पोत घालून आणू लागले. छताला लावले, पश्चिमेच्या भिंतीला लावले, दाराच्या चौकटीला रबराची पट्टी बसवली, खिडकीला दुसरी काच लावली. आई म्हणाली, घराचं कोल्ड करून टाकलं. पण नवतपाच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत बाबा त्या खोलीत लहानशा एसीवर शांत झोपू शकत. पुढे बाबा गेले तेही त्याच खोलीत, एका दुपारी, झोपेतच. त्यानंतर आईनं ती खोली बंद केली.

ती उघडली ते माझ्या बाळंतपणाला. मी माहेरी आले होते आणि दिवस भरायच्या महिनाभर आधीच, ऐन हिवाळ्यात मनू झाली. हातावर मावेल एवढी. काही दिवस तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. घरी सोडायच्या आठवडाभर आधी डॉक्टरबाईंनी माझा हात धरून सांगितलं की हिची खोली ऊबदार हवी, आणि एकसारखी हवी. गार पडली तर वजन भरणार नाही, फार तापली तरी हिला झेपणार नाही. मी मान डोलावली. रायपूरकराला उन्हाळ्याशी भांडायचं सगळं ठाऊक असतं. कूलर, खसाचे पडदे, कांदा, पन्हं, सगळं. हिवाळ्याला आम्ही एक शाल पांघरतो आणि तो जाईल म्हणून वाट बघतो. खोली गरम कशी ठेवायची हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

माझा नवरा सुहास तेव्हा कोरब्याला नोकरीला होता आणि रविवारी यायचा. त्यानं दुकानात जाऊन सर्वांत मोठा हीटर आणला. तो तेल भरलेला, उभ्या पात्यांचा असतो ना, तो. दुकानदार त्या पात्यांना फिन म्हणतात. याला तेरा फिन होते. लेकीसाठी म्हटल्यावर सुहासनं मागेपुढे पाहिलं नाही. काका बघायला आले, त्यांनी हीटरला हात लावला, आणि विचारलं, "जावईबापू, हा कोणाच्या मंगल कार्यालयासाठी?"

मी घरी यायच्या आधी काकांनी ती खोली एक सकाळभर तपासली. उदबत्ती पेटवून दाराच्या फटीजवळ, खिडकीच्या कडेला, कोपऱ्याकोपऱ्यात धरली. धूर कुठे हलतो ते बघायचं, म्हणजे वारा कुठून शिरतो ते कळतं. समोरच्या दीदी गॅलरीतून हे सगळं पाहत होत्या. बाळाच्या खोलीची नजर उतरवायला कुणी जाणकार आणलाय असं त्यांना वाटलं आणि त्यांनी आपल्या नातवासाठीही चौकशी केली. मग काका बाबांच्या खुर्चीत डोळे मिटून बसले. बोटं गुडघ्यावर हलत होती. एवढं छत, एवढ्या भिंती, एवढ्या काचा, बाहेर पहाटे किती गार, आत किती हवं. आणि त्यातून वजा, आत राहणारी माणसं.

हे वजा करणं ऐकून सुहास हसला. काकांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. कोल्डमध्ये पोती वाहणारे हमाल आत शिरले की यंत्रांवरचा भार वाढतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. "माणूस म्हणजे शंभर वॉटचा बल्ब," ते म्हणाले. "कोल्डमधी तो आपला दुश्मन. इथं आपला भाऊ." एक आई, एक आजी, म्हणजे दोन बल्ब फुकट. बाळाचा त्यांनी हिशेबच धरला नाही, एवढीशी ती. उत्तर आलं, सात फिनचा हीटर, आणि त्याचाही खटका मधल्यावर.

आईला पटेना. एवढी थंडी, अन् लहान हीटर काहून जी, असं तिनं दोनदा विचारलं. सुहासनंही सरळ सांगितलं की मोठा घेऊन कमीवर ठेवता येईल, त्यात काय बिघडलं. मग काका समजावून सांगू लागले. मोठा हीटर खोली झटक्यात तापवतो आणि आपोआप बंद पडतो, मग खोली गार, मग पुन्हा सुरू. अशा पक्क्या खोलीत ही वरखाली जास्तच होते, आणि बाळाला एकसारखं हवंय. शेवटी त्यांनी एक वाक्य जोडलं. "अन् मोठ्या मापात चूक लपून जाते, जावईबापू. बरोबर माप असलं की चूक दिसते." ते तेव्हा कुणीच मनावर घेतलं नाही, पण काकांपुढे कुणाचं चालत नसे. तेरा फिनचा हीटर दुकानात परत गेला.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. भिंतीत खाली मुठीएवढं भोक पाडून त्यात पाइपचा तुकडा बसवला. आईनं डोक्याला हात लावला. एवढं सगळं बंद करून परत भोक कशाला? तर खोलीला श्वास हवा म्हणून. "बटाटासुद्धा श्वास घेते, वहिनी," काका म्हणाले. "हे तं पोट्टी आहे." त्या भोकातून जी ऊब जाणार होती, तीही त्यांनी हिशेबात धरलेली होती.

मी आणि मनू त्या खोलीत राहायला आलो. आता काकांना आत येता येईना. बारसं व्हायचं होतं, आणि बारशाआधी बाळंतिणीच्या खोलीत परक्या पुरुषानं पाऊल टाकायचं नाही, हा आईचा नियम. मनू दवाखान्यात राहिल्यानं बारसंही लांबलं होतं. काकांनी नियम मानला. भिंतीवर त्यांनी एक थर्मामीटर टांगला होता. रोज सकाळ-संध्याकाळ दाराबाहेर उभे राहून ते विचारायचे, "किती?" मी वाचून सांगायचे, चोवीस. पंचवीस. ते "हव", म्हणजे "बरं", म्हणायचे आणि जायचे. माझी तब्येत, मनूचं दूध, रात्रीची झोप, काही विचारायचे नाहीत. मला आधी राग यायचा. मग कळलं की त्यांच्या लेखी त्या एका आकड्यात सगळं आलं होतं.

एके दिवशी पेपरांत शीतलहर आल्याच्या बातम्या होत्या आणि दुपारपासूनच वारा सुटला. संध्याकाळी आई स्वयंपाकघरात होती. माझ्यासाठी डिंकाचे लाडू, घरासाठी स्वयंपाक, एकटीची धावपळ. चुलीपाशी तापलेली ती खोलीत आली, आणि तिला खोली गार वाटली. तिनं थर्मामीटर पाहिला नाही, तिचा तिच्या अंगावर विश्वास. तिच्या लेखी लहान हीटरचं पितळ उघडं पडलं होतं. तिनं काय करावं? जे तिच्या आईनं केलं, आजीनं केलं, तेच केलं. शेगडीत निखारे घेतले, वर ओवा टाकला आणि शेगडी माझ्या खाटेखाली सरकवली. वारा येतो म्हणून भिंतीतल्या पाइपात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला. मला म्हणाली, आता बघ कशी ऊब येते, आणि दार नीट लावून पोळ्या करायला गेली.

ऊब आली खरी. ओव्याचा वास इतका छान होता की मला लहानपणच आठवलं. मनू कुशीत झोपली होती. माझं डोकं जड झालं होतं, हातपाय उचलावेसे वाटत नव्हते. बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून मी तशीच पडून राहिले. मग दाराबाहेर चपला वाजल्या आणि नेहमीचा प्रश्न आला. मी मान वळवून थर्मामीटरकडे पाहिलं. "अठ्ठावीस," मी सांगितलं, आणि चांगले मार्क मिळाल्यासारखी खूश झाले.

बाहेरून 'हव' आलं नाही.

"वहिनी आत आहे?" काकांनी विचारलं. मी सांगितलं, स्वयंपाकघरात. हीटरचा खटका कुणी हलवला का? नाही म्हटलं. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "एकट्या बाईनं अठ्ठावीस होत नाही."

आणि दार उघडून कोल्डकाका आत आले. बारसं, नियम, बाळंतीण, काहीही न पाहता खाली वाकले आणि खाटेखाली बघितलं. खांद्यावरच्या पंच्यानं शेगडी धरून थेट गॅलरीत नेऊन ठेवली. खिडकी उघडली, पाइपातला बोळा उपसून काढला, मनूला शालीसकट उचललं आणि मला दंडाला धरून बाहेर आणलं. मी उभी राहिले तर पाय लटपटत होते. गॅलरीत वारा झोंबत होता. मनू उठेना. काकांनी तिच्या तळपायावर टिचकी मारली. पुन्हा मारली. आई दारात पोळपाट हातात घेऊन उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मग मनूनं तोंड वाकडं केलं आणि रडायला लागली. माझ्या आयुष्यात मला कुठल्याही आवाजानं इतकं बरं वाटलेलं नाही. मी तिथेच जमिनीवर बसले आणि तिच्याबरोबर रडले. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी दोघींना तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी सांगितलं की निखाऱ्यांचा वायू चढला होता, वेळेवर बाहेर पडलात, बाळ ठीक आहे. घरी येताना रिक्षात मी मनूचा श्वास मोजत नव्हते, नुसती ऐकत होते.

आई मात्र कोसळली होती. जेवेना. तुम्ही सगळे शेगडीवरच वाढलात, मी काय वेगळं केलं, असं एकच म्हणत राहिली. काका समोर खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, आता ते रागावतील. त्यांना तो हक्क होता.

"तुमच्या वेळेस कवेलूच्या छपराचं घर होतं, वहिनी," ते म्हणाले. "धूर आपला आपला वरून निघून जायचा. ह्या खोलीतून काहीच जात नाही. मीच तशी केली." मग म्हणाले, "अन् हिशेबही माझाच चुकला. मी दोन माणसं पकडली. कोल्डमधी हमाल आत गेला की काम होईतो आतच राहते. घरातली बाई संध्याकाळी बसून राहत नाही, हे मले समजायले पाहिजे होतं."

आईनं डोळे पुसले. तिला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं की तिचा स्वयंपाकघरातला वेळ हिशेबात धरायला हवा होता. आणि मला कळलं की सुहासचा तेरा फिनचा हीटर असता, तर अठ्ठावीस ऐकून कुणाच्याही भुवया वर गेल्या नसत्या. रविवारी आल्यावर खुद्द सुहासनंच हे बोलून दाखवलं, आणि त्यानंतर तो काकांना वाकून नमस्कार करू लागला.

आता संध्याकाळच्या तुटीचं काय? मोठा हीटर नको, कारण रात्री आई आणि मी तिथंच झोपायचो आणि खोली पुरेशी ऊबदार असायची. कमी पडायचे ते फक्त स्वयंपाकाचे तास. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला काका स्वेटर नीट करून दाराशी आले. आई म्हणाली, भाऊजी, बारसं नाही झालं अजून.

"मी माणूस म्हणून नाही आलो, वहिनी," काका म्हणाले. "हीटर म्हणून आलो."

ते आत आले, बाबांची खुर्ची कोपऱ्यात ओढली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. पाठ आमच्याकडे. त्या भिंतीला एक हात लावून ठेवला, सवयीनं. आई स्वयंपाकाला गेली. पोळ्या होऊन ती परत येईपर्यंत हा शंभर वॉटचा माणूस हलला नाही, एक शब्द बोलला नाही. मी मनूला पाजत होते आणि हसू दाबत होते. थर्मामीटर पंचवीसवर होता. आई आली की ते उठले, 'हव' म्हणाले आणि गेले. हे रोज चाललं. काकू जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन डेहराडूनला, आणि त्यांच्या घरी संध्याकाळी दिवा लावायलाही तेच. याचा विचार मात्र आमच्यापैकी कुणी तेव्हा केला नाही.

मनूचं वजन भरू लागलं. बारसं झालं. त्या संध्याकाळी काका येऊन पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले, तेव्हा आईनं स्वतः खुर्ची धरली आणि त्यांच्यासकट पाळण्याकडे वळवली. म्हातारा चांगलाच गडबडला. मनूनं त्यांच्या स्वेटरची कड पकडली ती सोडेना.

हिवाळा संपला, हीटर माळ्यावर गेला, काका येतच राहिले. वैशाखात आई विचारायची, आता कशाला हीटर हवा? ते म्हणायचे, खोली कशी वागते ते बघून राहिलो. मनू त्यांच्या मांडीवर वाढली. भिंतीला हात लावून मग नमस्कार करायची खोड तिनं उचलली, आणि आता शाळेत बाई विचारतात की ही असं का करते.

पुढे सुहासची बदली रायपूरला झाली आणि आम्ही आईपाशीच राहायला आलो. मागच्या वर्षी काकांच्या मुलीनं हट्टच धरला. एकटं किती दिवस राहणार, असं म्हणून ती त्यांना घेऊन गेली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. स्टेशनवर त्यांनी मनूच्या डोक्यावर हात ठेवला, मग गाडीच्या डब्याच्या पत्र्यालाही ठेवला, आणि जागेवर जाऊन बसले. घरी आल्यावर कुणालाच जेवण गेलं नाही.

थंडी पडली तशी मी फोन केला. तिथली थंडी कशी आहे, हीटर कितीचा लावला, असं मुद्दाम विचारलं, म्हणजे ते रंगात येऊन बोलतील. ते म्हणाले, जावयानं तेरा फिनचा आणला. आणि तुम्ही चालवून घेतलं, मी विचारलं.

"खोली पक्की आहे, पोरी. भिंत कोरडी आहे," ते म्हणाले. "पण हे दोघं रात्रीच येतात. दिवसभर मी एकटाच. शंभर वॉटात काय होते?"

आई शेजारी मेथी निवडत होती. तिनं हात पुसले आणि फोन मागितला. फोनवर ती कधी दोन वाक्यांच्या वर बोलत नाही.

"भाऊजी, इथं हीटर लहानच आहे अजून," ती म्हणाली. "अन् एक माणूस कमी पडून राहिलं."

मग काका म्हणाले, "हव. तिकीट पाहतो."